निवेदन करायचं असेल तर शहापुरातल्या त्या डीटीपीवाल्या अण्णांकडे जावा

अण्णांनीच सांगितलंय, बाई काय लिहायचं ते लिहा पण माझं आणि दुकानाचं नाव टाकू नका, म्हणून नाव टाकत नाही. बेळगावात शहापूर भागात कुणालाही "कोर्टात टायपिंग करायचे ते अण्णा" म्हटलं की लगेच दाखवतील. दहा बाय बाराचं दुकान आहे, झेरॉक्स, डीटीपी, मराठीचं कन्नड आणि कन्नडचं मराठी, अर्ज, आरटीआय, लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीबुकं सगळं होतं तिथं. मी मात्र २०१९ पासून एकाच कामासाठी जाते, त्यामुळं तेवढ्याबद्दलच लिहिते.

काम असं की दरवर्षी ३० ऑगस्टला आम्ही सात-आठ जण मिळून मुख्यमंत्र्यांना निवेदन देतो. कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि बेंगळुरूच्या पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनांची स्वतंत्र आणि जाहीर चौकशी करा अशी मागणी, आणि तसंच दुसरं निवेदन महाराष्ट्र सरकारला, डॉ. दाभोलकर आणि कॉम्रेड पानसरे यांच्याबद्दल. आमची काही संघटना नाही, पत्र नाही शिक्का नाही, बहुतेक सगळे रिटायर झालेले मास्तर, एक वकील, एक एलआयसीतले. लोक विचारतात तुम्हाला बेळगावात बसून काय पडलंय, तर बघा, हायवेवर उभं राहिलं की एका अंगाला शंभर-एक किलोमीटरवर कोल्हापूर आणि दुसऱ्या अंगाला ऐंशीच्या आसपास धारवाड. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरेंवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर सकाळच्या फिरण्यावरून परत येताना गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी सरांना रविवारी सकाळी घराच्या दारात मारलं. एकाच रस्त्यावर, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि आम्ही मधे. पुढं गौरीच्या खुनाच्या तपासात तर एसआयटीने, म्हणजे कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने, आमच्या बेळगावातून पण अटक केली. मग हे प्रकरण आमचं नाही असं कसं म्हणायचं?

पहिल्या वर्षी आधी दुसरीकडेच गेलो होतो. एका फ्लेक्सवाल्याने फोटो बघितले आणि नको हो बाई, आम्हाला मागनं त्रास हुईल म्हटलं. त्याला मी दोष देत नाही, पोट हातावर असतं. दुसऱ्या ठिकाणी टाईप करून दिलं पण पहिल्याच ओळीत कलबुर्गींचं नाव चुकलेलं आणि कन्नड कॉपीत तर तारीखच वेगळी. मग वकील म्हणाले शहापुरात एक जण आहेत, वीस वर्षं कोर्टाच्या आवारात टायपिंग केलंय, त्यांच्याकडे चला.

तो पुराचा ऑगस्ट होता, अख्ख्या जिल्ह्यात पाण्याने वाट लागलेली, अण्णांच्या दुकानातले कागदाचे गठ्ठे पण दमट झालेले आणि ते पंखा लावून रीम वाळवत बसलेले. मी हाताने लिहिलेलं साडेतीन पानांचं निवेदन दिलं. मला वाटलं घेतील आणि टाईप करतील. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, परत पहिल्या पानापासून वाचलं, आणि मग म्हणाले, "बाई, हे झकास लिवलंय, पण तुम्हाला पायजे काय? तपास पायजे का चौकशी पायजे?"

मी म्हटलं दोन्ही एकच की. तर म्हणाले, "एकच न्हवं. तपास पायजे म्हणून लिवलात तर हा कागद पोलिसांकडं जाणार, पोलीस लिवणार तपास झालाय, चार्जशीट झालंय, आता कोर्ट बघतंय. झालं, तुमचं निवेदन निकालात काढलं."

आणि खरंच होतं ते. कलबुर्गी सरांच्या केसमध्ये त्याच महिन्यात एसआयटीने चार्जशीट दिलेलं. त्याच्या आधी साडेतीन वर्षं सीआयडीकडे काही हललं नव्हतं, सरांच्या पत्नी उमादेवींना दिल्लीला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठं फेब्रुवारी २०१९ मध्ये केस गौरीच्या एसआयटीकडे दिली आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाला लक्ष ठेवायला सांगितलं. म्हणजे तपास मागण्याची लढाई त्या बाईंनी एकटीने लढून जिंकलेली होती आणि मी परत तेच मागत होते. आम्हाला पाहिजे होतं ते वेगळं, गोळी कुणी झाडली हे कोर्ट ठरवेल, पण ती साडेतीन वर्षं का गेली हे कोण ठरवणार? सरांना आधी पोलीस संरक्षण होतं, मारलं तेव्हा नव्हतं, त्यांच्याच सांगण्यावरून काढलं असं बातम्यांत आलं होतं, पण काढताना धोका संपलाय का हे कुणी बघितलं आणि कशावरून ठरवलं? खटल्यात आरोपीविरुद्ध पुरावा बघतात, असले प्रश्न तिथं येतच नाहीत. त्यासाठी १९५२ चा चौकशी आयोग कायदा आहे, कमिशन्स ऑफ एन्क्वायरी ॲक्ट, सरकारने आयोग नेमला तर त्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, अधिकाऱ्याला समन्स काढून शपथेवर विचारता येतं, फाईल मागवता येते. अण्णांनी हे सगळं मला त्या दमट दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. त्यांच्यासमोर मीच विद्यार्थिनी झाले होते.

मग शब्दांचं आलं. हे आपल्या सीमाभागातल्या लोकांनी खास लक्षात ठेवा. कन्नडमध्ये पोलिसांच्या तपासाला पण तनिखे म्हणतात आणि न्यायाधीशांच्या चौकशीला पण न्यायांग तनिखे म्हणतात. नुसतं "स्वतंत्र तनिखे" लिहिलं की वाचणारा क्लार्क पोलीस तपासच समजणार. आणि विचारणे म्हटलं तर ते बहुतेक जण कोर्टातला खटला समजतात, आपण मराठीत विचारणा म्हणतो तसला अर्थ तिथं नाही. म्हणून अण्णांनी कन्नड मनवी पत्रात, म्हणजे निवेदनात, पहिल्याच वाक्यात कायद्याचं नाव, वर्ष आणि कलम ३ घातलं. वर विषयाच्या ओळीत पण तेच. आधीच्या दुकानात मराठीवरून शब्दाला शब्द ठेवून कन्नड केलेलं, त्यात आमची मागणीच हरवली असती आणि आम्हाला कळलं पण नसतं, कारण आमच्यातल्या निम्म्या जणांना कन्नड बोलता येतं पण सरकारी कन्नड वाचता येत नाही.

दुसरी दुरुस्ती आम्हाला जरा झोंबली. मी सगळीकडे "खुनी" लिहिलेलं. अण्णांनी पेन्सिलने खुनीच्या खाली रेघ मारून वर आरोपी लिहिलं. आमच्यातले एलआयसीवाले काका चिडलेच, म्हणाले तुम्ही त्यांची बाजू घेताय का. अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "काका, न्याय मागायचा कागद आहे न्हवं का, मग कोर्टाच्या आधी निकाल आपणच कसा लिवायचा?" काका गप्प बसले. आता दाभोलकर खटल्याच्या २०२४ च्या निकालानंतर आमच्या कागदात दोनच ठिकाणी दोषी शब्द आहे, बाकी सगळीकडे आरोपी, आणि जे सुटले त्यांचा सुटले असाच उल्लेख.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. माझ्या मसुद्यात आधी दाभोलकर-पानसरे, मग आपल्याकडचे म्हणून कलबुर्गी आणि शेवटी एका ओळीत गौरी, असं मनाला येईल तसं होतं. अण्णा म्हणाले कोर्टात आम्ही आधी तारखांचा तक्ता करतो, वकिलाचं भाषण मागनं. आणि त्यांनी तिथंच कॉम्प्युटरवर चार ओळींचा तक्ता काढला.

२० ऑगस्ट २०१३, पुणे, नरेंद्र दाभोलकर.
१६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर, गोविंद पानसरे, २० तारखेला मुंबईत हॉस्पिटलात गेले.
३० ऑगस्ट २०१५, धारवाड, कलबुर्गी.
५ सप्टेंबर २०१७, बेंगळुरू, गौरी लंकेश.

त्याच्या शेजारी अजून एक कॉलम केला आणि विचारलं, पहिल्या खुनात गोळ्या झाडल्या म्हणून ज्यांना धरलं त्यांना कधी धरलं? मी म्हटलं ऑगस्ट २०१८. म्हणजे पाच वर्षांनी, आणि ते सुद्धा कर्नाटकच्या एसआयटीने गौरीच्या खुनाचा तपास केला त्यातून धागे मिळाले म्हणून. अण्णांनी ती तारीख टाकली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिला खून आणि ती अटक यांच्या मधे तीन माणसं होती. मी हे सगळं आधी वाचलेलं होतं हो, प्रत्येक तारीख मला पाठ होती, पण असं एकाखाली एक कधी बघितलंच नव्हतं. गौरी आणि कलबुर्गी सरांवरच्या गोळ्या एकाच देशी पिस्तुलातल्या असल्याचं फॉरेन्सिकमध्ये आलं, म्हणजे दोन वर्षांत ते हत्यार पण कुणाच्या हाताला लागलं नव्हतं. पुण्याच्या पुलावरच्या खुनाचा तपास वेळेत झाला असता तर बाकीचे तिघं आज असते का, हा प्रश्न आमच्या निवेदनात त्या दिवशी आला आणि तो त्या तक्त्यातून आला. साडेतीन पानांचं दीड पान झालं. तेव्हापासून ते तसंच आहे.

मे २०२४ मध्ये दाभोलकर खटल्यात पुण्याच्या कोर्टाचा निकाल आला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. त्या निकालात कोर्टाने म्हटलंय की खरा सूत्रधार दुसराच कुणीतरी आहे आणि त्याला शोधण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय कमी पडले, हे नुसतं अपयश आहे की सत्तेतल्या कुणाच्या प्रभावाखाली जाणूनबुजून केलेली निष्क्रियता आहे याचा त्यांनीच विचार करावा. मी ती बातमी घेऊन पळतच गेले दुकानात. आम्ही पाच वर्षं जे मागत होतो तोच प्रश्न कोर्टाने विचारला होता, पण खटल्यात त्याचं उत्तर काढायची सोय नाही. अण्णांनी तो मुद्दा तक्त्याच्या लगेच खाली घातला, ठळक अक्षरात, एवढ्या वर्षांत त्यांनी ठळक केलेली ती एकच ओळ.

दोन राज्यांचा घोळ पण त्यांनीच सोडवला. आम्हाला एकच निवेदन दोन्ही मुख्यमंत्र्यांना पाठवायचं होतं. ते म्हणाले कर्नाटक सरकार पुण्याच्या पोलिसांची चौकशी कशी लावणार? मग दोन निवेदनं केली, आणि तिसरं केंद्राला, कारण त्याच कलम ३ मध्ये सोय आहे की राज्याने आयोग नेमलेला असला तरी चौकशीची व्याप्ती दोन किंवा जास्त राज्यांत न्यायची गरज वाटली तर केंद्र आयोग नेमू शकतं. चार खून, दोन राज्यं, एकमेकांत गुंतलेला तपास, कायद्यातली ती सोय यासाठी वापरायची नाही तर कशासाठी? अजून एक मागणी त्यांनी आठवणीने घालायला लावली, रिपोर्ट आल्यावर सहा महिन्यांच्या आत तो कारवाईच्या टिपणासकट विधानसभेत ठेवावा लागतो, ते कलम ३(४) नावानिशी लिहा म्हणून. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात हे मला माहीत आहे, मुंबईच्या दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पण तो रिपोर्ट कागदावर आहे, लोक आजही काढून वाचतात.

"खटला चालू असताना कसली चौकशी" हे आम्हाला दरवर्षी कुणीतरी ऐकवतं. त्यासाठी आता एक पानाची पुरवणी जोडतो, ती वकिलांनी लिहिली आणि अण्णांनी दोन्ही भाषेत बसवली. त्यात माल्टाचं आहे, तिथं डॅफने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईला ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे गौरीनंतर दीड महिन्याच्या आत, गाडीत बॉम्ब लावून मारलं, आणि तिथं फौजदारी खटले एकीकडे चालू असताना तीन न्यायाधीशांची जाहीर चौकशी पण झाली, जुलै २०२१ मध्ये रिपोर्ट आला आणि काही केलं तरी चालतं असलं वातावरण तयार झाल्याची जबाबदारी सरकारवर आहे असं त्यात स्वच्छ लिहिलं. आणि बेलफास्टचं आहे, पॅट फिनुकेन नावाचे वकील, फेब्रुवारी १९८९ मध्ये घरात बायको-मुलांच्या देखत मारले. त्यांच्या बायकोने, जेराल्डिनने, जाहीर चौकशी मागितली, ब्रिटिश सरकारने मधे नुसता कागदपत्रांचा आढावा घेऊन २०१२ मध्ये माफी मागितली, ती म्हणाली मला चौकशी पाहिजे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशी जाहीर झाली. पस्तीस वर्षं. हे पान पहिल्यांदा प्रिंट झालं तेव्हा मशीनजवळ उभं राहून वाचताना माझे डोळे भरून आले, उमादेवी आणि उमाताई दोघी आठवल्या. अण्णांनी काही न बोलता चहा सांगितला.

मराठीबद्दल पण लिहायलाच पाहिजे. एका सरकारी ऑफिसात आमचं मराठी निवेदन टपालात घ्यायला नाही म्हटलं, कन्नडमध्ये आणा म्हणे. आपल्याकडे हे नवीन नाही, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर १ जूनला जाणाऱ्यांना मी काय सांगणार, भाषेच्या आंदोलनात गोळ्या खाल्लेली माणसं आहेत ती. अण्णांची मातृभाषा कन्नड. ते स्वतः आमच्यासोबत आले नाहीत पण निवेदनाच्या खाली दोन ओळी घालून दिल्या, की घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा नागरिकाला हक्क आहे. दुसऱ्या दिवशी मराठी कॉपी घेतली, वर शिक्का, तारीख, आवक नंबर सगळं. तरी ते सांगतात दोन्ही कॉपी द्या, मराठी हक्काची आणि कन्नड वाचली जाण्यासाठी. मला हे पटतं. मुंबईला जाणाऱ्या निवेदनाला पण ते कलबुर्गी आणि गौरीचा भाग कापत नाहीत, तक्ता चारी जणांचा तसाच राहतो.

आरटीआयचं काम तर यांच्याकडेच करा. कर्नाटकात अर्जाला दहा रुपये फी, एकाच विषयाचा पाहिजे आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत पाहिजे, हे लई जणांना माहीत नसतं आणि अर्ज त्याच्यावरच परत येतो. अण्णा शब्द मोजतात. तपासाबद्दल विचारलं की तपासात अडथळा येईल म्हणून नाकारायला वाव मिळतो, म्हणून त्यांनी प्रश्नच बदलला. आमचं अमुक तारखेचं, अमुक आवक नंबरचं निवेदन कुठल्या टेबलावर गेलं, कुणी काय शेरा मारला, त्याची कॉपी द्या. एवढंच. तीस दिवसांत उत्तर आलं, पाच ठिकाणी फिरून ते परत पोलिसांकडेच गेलेलं होतं पण आता आमच्याकडे ते पाची शेरे आहेत आणि पुढच्या निवेदनात आम्ही ते जोडले.

आता कमी काय ते पण सांगते. एक तर वेळ लागतो. अण्णा वाचल्याशिवाय टाईप करत नाहीत, तासात पाहिजे असेल तर दुसरीकडे जावा. बसायला एकच बाक, पार्किंग नाही, दुचाकी पण बोळाच्या तोंडाशीच लावावी लागते. यूपीएस नाही आणि २०२२ ला लाईट गेली तेव्हा आमची कन्नडची आख्खी फाईल गेली, परत करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण आमचा एक दिवस गेला. जुनी फाईल नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये नेलीत तर मोबाईलवर चौकोन दिसतात, युनिकोडमध्येच करून द्या म्हणून आधी सांगा. मोठे फ्लेक्स करत नाहीत, ए-थ्रीपर्यंतच, आम्ही चार ए-थ्री पुठ्ठ्यावर चिकटवून धरतो.

रेट माझ्याकडून घेतलेला सांगते, मराठी पानाला तीस, कन्नड पानाला चाळीस, भाषांतराचे वेगळे, झेरॉक्स दोन रुपये. सवलत द्या म्हणून मी एकदा पण म्हटलं नाही आणि त्यांनी पण फुकट करतो असं कधी म्हटलं नाही. मला ते बरोबर वाटतं, हे काम आहे आणि त्याचे पैसे होतात. फक्त दरवर्षी एक कॉपी ते स्वतःसाठी जास्त काढतात, तिचे पैसे धरत नाहीत. काउंटरखाली निळ्या फाईलमध्ये सगळी लावलेली आहेत, शिक्क्याच्या पोचसकट, कारण पोचची झेरॉक्स पण त्यांना आणून द्यावी लागते, नाही दिली तर पुढच्या वर्षी आधी ती मागतात.

ज्यांना यंदा स्वतःच्या गावातून, निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठूनही असंच निवेदन द्यायचं असेल त्यांनी मसुदा घेऊन जावा, आमचा तक्ता वापरायला माझी पूर्ण परवानगी आहे, अण्णांना तसं सांगून ठेवलंय. फक्त ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच जावा, नंतर गणपतीच्या पावतीबुकांची गर्दी होते. सकाळी साडेदहा ते दीड, संध्याकाळी चार ते साडेआठ, रविवारी बंद. जाताना आधीच्या वर्षीच्या निवेदनाची पोच असेल तर बरोबर न्या.